डावी बाजू

"दादा, कुठे गेलास रे?" असं बहिणीने विचारलं तेव्हा तो तिच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर उभा होता. कुठेही गेला नव्हता. हातात भिंग होतं, ते तिच्या डोळ्यांपुढच्या चौकटीत बसवायचं म्हणून तो नुसता वळला होता. त्याला आधी वाटलं, चिमी चेष्टा करतेय. लहानपणापासून तिला ती खोडच होती, माणूस समोर असताना तो नाहीच असं धरून बोलायची आणि समोरचा चिडला की खिदळायची. तो चिडायच्या तयारीने एक पाऊल पुढे आला. ती एवढी दचकली की स्टूल करकरलं. "अगंबाई, इथेच आहेस होय!" म्हणाली आणि हसली. तोही हसला. मग हसता हसता त्याने हातातलं भिंग खाली ठेवलं. कारण भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तिने आत्ताच धडाधडा वाचून दाखवला होता, अगदी खालच्या ओळीसकट, शाळेत कविता म्हणावी तसा. समोरचं सगळं दिसत होतं तिला. फक्त डाव्या बाजूला उभा असलेला, पंचाऐंशी किलो वजनाचा सख्खा भाऊ दिसला नव्हता.

दुपार होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चार दिवसांपासून डोळ्यांपुढे माश्या उडतात म्हणून ती पोहण्याच्या तलावावरून परस्पर इकडे आली होती, केस अजून ओले होते आणि अंगाला पाण्यातल्या औषधाचा वास होता. ती तिथे मुलींना पोहायला शिकवायची. त्याने दुकानाचं दार लोटलं, पाटी फिरवली, दिवा मालवला आणि डोळ्याच्या आत पाहायची ती छोटी बॅटरी घेऊन तिच्यापुढे बसला. हे काम तो तीस वर्षं करत आला होता. चष्मेवाल्याने आत डोकवायची खरं तर गरज नसते, नंबर काढला की झालं. पण वडिलांकडून दुकान हातात आल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं असेल तर ही बॅटरी घेतली. डॉक्टरकीला लागणारे गुण थोडक्यात हुकलेल्या माणसाला माणसाच्या आत डोकवायची एवढी एकच वाट उरली होती. त्याला ते आवडायचं. माणूस काळा असो, गोरा असो, नटलेला असो की गबाळा, बुबुळातून आत गेलं की सगळ्यांचा पडदा सारखाच, तांबूस केशरी, मावळतीच्या आभाळासारखा, आणि त्यावर फांद्यांसारख्या रक्ताच्या वाहिन्या. तो तिच्या इतक्या जवळ गेला की श्वासाला श्वास लागला. "वर बघ. आता माझ्या कानाकडे बघ." आणि डाव्या डोळ्यात, नाकाकडच्या अंगाला, एका वाहिनीच्या कडेकडेने त्याला दूध नासल्यासारखे पांढरे चट्टे दिसले, आणि त्या चट्ट्यांवर सांडलेले लाल ठिपके.

त्याला कळलं. कळायला एक क्षणसुद्धा लागला नाही, हे पुढे तो कितीदा तरी स्वतःला सांगणार होता. दुकानाच्या मागच्या फळीवर एक जाडजूड जुनं पुस्तक होतं, त्यात उजव्या पानावर वरच्या कोपऱ्यात हुबेहूब हेच चित्र होतं. चित्राखाली या रोगाचं नाव होतं. आणि त्याच ओळीत, असे चट्टे कुणाच्या डोळ्यात पडतात, ते लिहिलं होतं. ज्यांच्या अंगातली झुंजायची ताकद संपत आली आहे त्यांच्या. म्हणजे एड्सच्या रोग्यांच्या. आणि गेली दोन वर्षं तो उठताबसता सगळ्यांना सांगत होता की असा काही रोगच नाही.

सगळ्यांना म्हणजे तसं तिघांनाच. बायकोला, चिमीला आणि सरकारी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरीणबाईंना. चिमीच्या सासरची माणसं सोडली तर चौथ्या कुणाला ही गोष्ट माहीत असणं परवडण्यासारखंच नव्हतं, तलावावर कळलं असतं तर चिमीला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. मेहुणा खंगून खंगून गेला, शेवटच्या महिन्यात त्याच्या कागदांवर तो शब्द आला, मग चिमीचं रक्त तपासलं, आणि तिच्या कागदावरही तोच शब्द. चाळिशीही न गाठलेली त्याची बहीण दवाखान्याच्या बाकावर बसून, "आता पोहता येईल का रे मला?" एवढंच विचारत राहिली. त्याने त्या दिवसापासून वाचायला घेतलं. वाचणं त्याच्या रक्तातच होतं. दुकानातल्या संगणकावर, गठ्ठे बांधलेल्या झेरॉक्स कागदांत, कुठल्या कुठल्या परदेशी माणसांच्या पुस्तिकांत तो तासन् तास बुडून गेला. आणि त्याला अशी माणसं सापडली जी त्याच्याच भाषेत बोलत होती. तो विषाणू कुणी पाहिलाय? तपासणी म्हणजे तरी काय, नुसत्या सावलीवरून माणूस ओळखायचा. माणसं रोगाने मरतात की औषधाने? कंपन्यांना गोळ्या विकायच्या आहेत, डॉक्टरांना मान डोलवायची सवय आहे. तो काचा घासणारा माणूस होता, जे दिसतं ते खरं मानायची त्याला सवय होती, आणि न दिसणाऱ्यावर शंका घ्यायला त्याला फार बरं वाटलं. शंका घेणारा माणूस आपोआप हुशार ठरतो. त्या लोकांना कुणी कुणी काय उत्तरं दिली होती तेही तिथेच, एका टिचकीवर, वाचायला होतं. ते त्याने वाचलं नाही असं नाही. वाचलं, पण वकील समोरच्या पक्षाचे कागद वाचतो तसं, खोट काढायला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दाराबाहेर पन्नास-साठ माणसं भिंतीला टेकून उभी असायची. पहिल्या दोन खेपांना त्यांनी त्याच्या प्रश्नांची उत्तरं दिली, एकदा तर चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं, हा असा आत शिरतो, इथे गोळी त्याला अडवते. तिसऱ्या खेपेला तो लाल शाईने रेघा मारलेले कागद घेऊन गेला. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाल्या, "तुमचं चष्म्यांचं दुकान आहे ना? मग असं करू या. तुम्ही चष्मे करा, मला हे करू द्या." त्यात तसं वावगं काही नव्हतं. पण रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याने त्याच्या कानशिलात जे तापलं ते पुढे निवलंच नाही. वडील दुकानात बसून वरच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना "होय साहेब, पाठवतो साहेब" म्हणायचे, ते त्याला आठवलं. बाहेर आल्यावर चिमी म्हणाली, "सोड रे दादा. दमल्या असतील त्या." तो म्हणाला, "दमल्या नाहीत. उत्तर नाही त्यांच्याकडे."

आणि गोळ्यांनी चिमीला त्रास होत होता हे काही खोटं नव्हतं. तिला स्वप्नं पडायची, एवढी ठसठशीत की जागेपणी त्यांचा रंग हाताला लागावा. मेलेला नवरा रोज यायचा, कपड्यांसकट तलावात उतरायचा आणि बाहेर यायचाच नाही. सकाळी तिचं डोकं गरगरायचं, काठावर उभं राहिलं की फरश्या हलायच्या. एके सकाळी त्याच्या घरी न्याहारीला बसली असताना तिने हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मला नाही कळत रे यातलं. तू सांग. तू म्हणशील तसं." तिचा भरवसा होताच त्याच्यावर, आणि त्याला कारणही होतं. नवरा गेल्यापासून सासरचं कुणी तिच्या हातचं पाणी प्यायलं नव्हतं. त्याची स्वतःची बायको तोंडाने "अगं, घरचीच ना तू" म्हणायची आणि चिमी गेल्यावर तिचा कप वेगळा काढून उकळत्या पाण्यात बुडवायची. तो मात्र मुद्दाम, बायकोच्या डोळ्यांदेखत, चिमीचा उष्टा चहा प्यायचा. गंमत म्हणजे त्यावरून बायकोशी भांडताना तो डॉक्टरीणबाईंचंच वाक्य वापरायचा, की हा रोग असा पसरत नाही. बायको म्हणायची, "तुम्हीच म्हणता रोगच नाही. मग न पसरायला तो आहे कुठे?" बायकोच्या बोलण्याकडे लक्ष द्यायची त्याला सवय नव्हती. तू म्हणशील तसं, हे चिमीचं वाक्य मात्र त्याने जिभेवर साखर ठेवावी तसं ठेवलं. तो म्हणाला, "बंद कर."

चौदा महिने. त्यातले पहिले दहा म्हणजे नुसता उत्सव. स्वप्नं थांबली, गरगर थांबली, चिमीच्या दंडांना पुन्हा आकार आला. रविवारी तो तलावावर जाऊन बाकावर बसायचा. लाल टोपी घातलेलं तिचं डोकं पाण्यातून सरळ रेघेत जायचं, भिंतीला शिवायचं, परत यायचं, आणि तो पुराव्याकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहायचा. बहिणीकडे नव्हे. हे त्याला फार उशिरा उमगलं. त्याने डॉक्टरीणबाईंना तीन पानी पत्र लिहिलं, त्यात चिमीचं वजन, नाडी, एका दमात किती फेऱ्या मारते ते, सगळं व्यवस्थित लिहिलं. उत्तर आलं नाही. चिमीला मात्र दवाखान्यातून तीनदा फोन आले. तो म्हणाला, उचलू नकोस. मग शेवटच्या महिन्यांत तिच्या तोंडात पांढरं पांढरं आलं, तो म्हणाला पित्त. ताप यायला लागला, तो म्हणाला हवा बदललीय. वजन उतरलं, तो म्हणाला पोहणं जास्त होतंय. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे कारण होतं, मापाची काच असावी तसं तयार, नुसतं काढून बसवायचं.

त्याने दिवा लावला. चिमी डोळे चोळत होती.

"काय दिसलं?" तिने विचारलं.

त्या क्षणाला त्याच्या तोंडात दोन्ही वाक्यं तयार होती. दोन्ही सारखीच सोपी होती. एक म्हणालं असतं, ऊठ, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जाऊ. पण मोठ्या दवाखान्यात पहिला प्रश्न विचारला असता, गोळ्या चालू आहेत का. मग तो कागद फिरत फिरत त्याच बाईंच्या टेबलावर गेला असता. मग त्यांनी चष्मा काढला असता.

"काही नाही," तो म्हणाला. "थोडा नंबर बदललाय. दमली आहेस तू."

"बघ, उगाच घाबरले मी," चिमी म्हणाली.

मग चष्मा करायचा म्हणून तिने दुकानातल्या सगळ्या फ्रेमा काढायला लावल्या. ही घातली की मी हेडबाई, ही घातली की विधवा, ती तर आहेच म्हणा, ही घातली की तू. आरशात बघून ती इतकी हसली की पुढची फ्रेम शोधायच्या मिषाने त्याला पाठ फिरवावी लागली. त्याने तिच्यासाठी काच घासली, आयुष्यात घासली नसेल एवढी जीव ओतून, जवळजवळ बिननंबराची काच. स्वतःच्या हाताने दांड्या वाकवून कानामागे बसवल्या. "छान स्वच्छ दिसतंय रे," ती म्हणाली. काही माणसं अशी असतात की त्यांना आपल्या माणसाने दिलेल्या चष्म्यातून स्वच्छच दिसतं.

एकोणीस दिवस गेले. तो रोज तिच्याकडे जायचा, डोळ्यांत थेंब घालायचा. ते थेंब म्हणजे डोळे ओले ठेवायचं साधं औषध होतं. ती डोकं मागे टेकवून तोंड किंचित उघडं ठेवायची, लहानपणी औषध घेताना ठेवायची तसंच. दुकानात तो संगणकापुढे बसून राहायचा आणि असे चट्टे आपोआप विरून जातात असं लिहिणारं कुणी जगाच्या पाठीवर आहे का ते शोधायचा. कुणी सापडलं नाही. मग भलत्याच एका रोगातल्या भलत्याच चट्ट्यांबद्दल तसं लिहिलेलं सापडलं, त्यावर त्याने दोन दिवस काढले. गिऱ्हाइकं येत होती. कुणाच्या नाकावर व्रण पडत होते, कुणाची दांडी तुटली होती, कुणाला चष्म्यातही तरुण दिसायचं होतं. तो हसून बोलायचा. स्वतःचं त्याला नवल वाटायचं की जेवण जातं, झोप लागते. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगू. आणि दर दिवसागणिक सांगणं आणखी अवघड होत जायचं, कारण आता नुसता रोग सांगायचा नव्हता, काल का नाही सांगितलं तेही सांगायला लागलं असतं. पंधराव्या दिवशी तलावावर डावीकडून येणारी एक छोटी मुलगी चिमीला दिसली नाही, कोपर लागून पोरीचा दात पडला, पाण्यात रक्ताचा धागा पसरला. तिथल्या व्यवस्थापकाने चिमीला आठवडाभर घरी राहायला सांगितलं. ती रात्रंदिवस त्या पोरीचाच घोर करत बसली. "तिच्या जागी मी असते तर पुन्हा पाण्यात उतरले नसते," म्हणत राहिली.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी अकराला दुकानात फोन वाजला. बाहेर रस्ता उन्हाने लखलखत होता.

"दादा," चिमी म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "उजाडलंय ना रे?"

मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ आत पाहिलं. पडदा उजव्या डोळ्यातही फाटून सुटला होता. ते म्हातारे होते आणि त्यांना हळू बोलायची सवय नव्हती. "दोन आठवडे आधी आणलं असतं," ते तिच्यासमोरच म्हणाले, "तर उजवा शंभर टक्के वाचला असता. डावासुद्धा निम्मा मिळाला असता. आधी कुणी पाहिलं होतं का आत?" तो भिंतीला टेकून उभा होता. आता होईल ते होऊन जाऊ दे, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्यात एक हलकेपणा होता. चिमीने आवाजाच्या दिशेला तोंड केलं. "नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही." सुया टोचल्या गेल्या, थेट डोळ्यांत. सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. तो उठून उभा राहिला. एकूण एक वाक्यं त्याने पाठ केली होती, त्या ओरडल्या तर हे, टोमणा मारला तर ते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाटेच्या कडेला बसून त्यांनी चिमीचा हात हातात घेतला आणि विचारलं, "गोळ्या का हो सोडल्या?"

"स्वप्नं पडायची," चिमी म्हणाली.

"अहो, मग सांगायचं ना मला! त्यातली एकच गोळी बदलायची होती. दुसरी आहे की." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं. राहून गेलं." आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. त्याने पाठ केलेलं सगळं त्याच्याजवळच राहिलं. त्याला खाली बसायचं सुचलं नाही.

डोळे तपासायला न्यायचे म्हणून दुसऱ्या दिवशी ती दोघं खालच्या मजल्यावर बाकावर बसली होती. समोरून चाकांच्या खुर्च्या जात होत्या. चिमी त्या आवाजाकडे मान वळवून ऐकत होती, अजून तिला ऐकायची सवय व्हायची होती.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार."

"त्या दिवशी दुकानात तू आत बघितलंस. तुला तेव्हा काही दिसलं होतं?"

तिच्या तोंडावर राग नव्हता. तोंडावर काहीच नव्हतं, कारण माणूस अर्धं तोंडाने आणि अर्धं डोळ्यांनी बोलतो आणि तिचे डोळे आता बोलत नव्हते. तीस वर्षं डोळ्यांत बघून पोट भरलेल्या माणसाला पहिल्यांदाच डोळ्यांतून काही कळेना.

"नाही," तो म्हणाला. "काहीच नव्हतं तेव्हा."

तिने एवढा मोठा श्वास सोडला की शेजारच्या बाईने वळून पाहिलं. मग तिने चाचपत त्याचा हात शोधला आणि त्यावर थोपटलं. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "दिसत नाही कधी कधी."

चिमी बरी झाली. हेच सगळ्यात वाईट झालं, असं त्याच्या मनात एकदा येऊन गेलं आणि त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, खरोखरीची, दुकानाच्या मागच्या खोलीत. नवी गोळी सोसली, स्वप्नं पडली नाहीत. तोंडातलं गेलं, ताप गेला, सहा महिन्यांत अंगावर मांस आलं. रोज सकाळी तोच तिच्या तळहातावर गोळी ठेवायचा, ती न विचारता गिळायची. आणि अशा वेळी, तिचा गळा वर-खाली होताना बघत असताना, उचकी लागावी तसा त्याच्या डोक्यात तो जुना प्रश्न यायचा, की ही गोळीनेच बरी होतेय कशावरून? त्याला शिसारी यायची. पण उचकी काही शिसारीने थांबत नाही. ती आता त्यांच्याकडेच राहायला आली होती. बायकोने तिचा कप वेगळा काढणं सोडून दिलं, आंधळ्या माणसाची कुणी भीती धरत नसावं. तलावावर ती एकदा गेली, दोरीला धरून उथळ पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, परत नको आणूस. घरात एकटीला करमत नाही म्हणून दुपारी तो तिला दुकानात आणायला लागला. दाराजवळच्या खुर्चीवर ती बसायची, पावलांवरून माणूस बाई की बाप्या ते ओळखायची, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. लोकांना ती आवडायची.

तो मात्र पार बदलला. कुणी डोळ्यांत खुपतं म्हणालं की चिठ्ठी लिहून डॉक्टरकडे. डोकं दुखतं म्हणालं की डॉक्टरकडे. बॅटरी त्याने खणात टाकली ती काढलीच नाही. डॉक्टर वैतागून निरोप पाठवायचे, धडधाकट माणसं कशाला पाठवता म्हणून. एका दुपारी एक बँकेतले कारकून आले, जाड मिशा, घाईत. चार दिवस डोळ्यांपुढे ठिपके नाचतात म्हणाले. चष्म्याचं बघा जरा.

"डॉक्टरांना दाखवा," तो म्हणाला आणि चिठ्ठी लिहायला बसला.

"अहो, तुम्हीच बघा की आत. आमचे शेजारी सांगतात, तुमची नजर डॉक्टरांपेक्षा पक्की आहे. उगाच तिथे रांगेत कशाला?"

"तुम्ही जाऊनच या," खुर्चीवरून चिमी म्हणाली. गिऱ्हाइकाच्या भल्याचं सांगावं तसा तिचा सूर होता, गोड, घरगुती. "दादाचं काम चांगलं आहे, पण आतलं त्याला नाही कळत. माझ्या वेळी यानेच बघितलं होतं ना. याला काही दिसलंच नव्हतं."

कारकुनांनी आधी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मिशीवरून हात फिरवत पाव पाऊल मागे सरकले. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत बँकेत आणि उद्या सकाळी गल्लीत जाणार होती. त्याने चिमीकडे पाहिलं. ती हसऱ्या तोंडाने, किंचित मान कलती करून ऐकत होती, बहुतेक पेन का थांबलं ते. सगळं ठाऊक असून ती असं बोलतेय, का खरंच मनापासून बोलतेय, हे कळायला काही वाव नव्हता, आणि विचारायचा हक्क त्याने दवाखान्यातल्या त्या बाकावर गमावला होता.

"हो ना?" चिमी म्हणाली. "सांग ना रे त्यांना."

"हो," तो म्हणाला. "मला काही दिसलं नव्हतं." आणि त्याने चिठ्ठीवर खाली सही केली.